सपाट पडद्यावरची खोली

नव्वदच्या दशकात शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये सरांची पाठ वळली की ज्याच्यासाठी कीबोर्ड बडवले जायचे, तो लाल टोपीवाला ‘डेंजरस डेव्ह’ आठवतोय? कप उचलायचा आणि दार गाठायचं, एवढंच काम. तो गेम लिहिणाऱ्याचं नाव जॉन रोमेरो. १९९० साली याच डेव्हला हाताशी धरून जॉन कार्मॅक आणि टॉम हॉल या जोडगोळीने एका रात्रीत पीसीवर मारिओसारखी अलगद सरकणारी लेव्हल करून दाखवली. त्या रात्रीच्या करामतीतून पुढे ‘इड सॉफ्टवेअर’ ही कंपनी निघाली. १९९२ च्या मे महिन्यात तिने ‘वोल्फेन्स्टाइन थ्रीडी’ आणला आणि भिंतीआड काय आहे ते बघायला लोक खुर्चीतच मान वाकडी करू लागले.

गंमत अशी, की त्या गेममध्ये तिसरी मिती नव्हतीच. ती होती बघणाऱ्याच्या डोक्यात. त्या काळच्या कॉम्प्युटरची ताकद इतकी तोकडी, की खरंखुरं त्रिमित जग सेकंदाला पंधरा-वीस वेळा नव्याने रंगवणं त्याच्या आवाक्यातच नव्हतं. मग प्रोग्रामर मंडळींनी एक साधा नियम पाळला: जे दिसणार नाही ते मोजायचं नाही, आणि जे मोजायला परवडत नाही ते खेळातूनच काढून टाकायचं. त्या काटकसरीच्या या काही सुरस आणि चमत्कारिक गोष्टी.

अंधार फुकट, गाडी प्लास्टिकची

१९७६ साली अटारीचा ‘नाइट ड्रायव्हर’ आला. काळा पडदा आणि दोन्ही बाजूंनी अंगावर येणारे पांढरे ठोकळे, म्हणजे रस्त्याच्या कडेचे खांब. लांबचे खांब बारीक आणि जवळजवळ, जवळचे मोठे आणि लांब लांब. एवढ्यावर डोळ्याला वळणदार रस्ता दिसायचा. डोंगर, झाडं, घरं का नाहीत? कारण रात्र आहे! कॉम्प्युटरला जे जमत नव्हतं ते सगळं अंधारावर ढकलून दिलेलं. आणि आपली गाडी? ती कॉम्प्युटर काढतच नव्हता. पडद्यावर बसवलेल्या प्लास्टिकवर ती छापलेली होती.

तरंगता डोळा

पहिल्या फर्स्ट-पर्सन गेमचा मान बहुतेक जण ‘मेझ वॉर’ला देतात. १९७३ च्या सुमारास नासाच्या एम्स रिसर्च सेंटरमध्ये स्टीव्ह कॉली आणि त्याच्या मित्रांनी ‘इम्लॅक’ नावाच्या मशीनवर तो रचला. नुसत्या रेघांचा चक्रव्यूह. एका वेळी एकच घर पुढे सरकायचं, वळायचं तर थेट काटकोनात. तिरकं बघायची सोयच नाही, त्यामुळे तिरक्या भिंतीचं गणितही नाही! भूलभुलैयात समोर आलेला दुसरा खेळाडू कसा दिसायचा? हवेत तरंगणारा एक मोठा डोळा. हात-पाय काढायच्या रेघा वाचल्या आणि समोरचा कुठे बघतोय तेही कळलं.

कधीच जवळ न येणारा डोंगर

अटारीच्या ‘बॅटलझोन’मध्ये (१९८०) तुम्ही रणगाड्यात. क्षितिजावर डोंगर, चंद्रकोर आणि धगधगता ज्वालामुखी. त्या ज्वालामुखीपर्यंत गाडी नेता येते, अशा वावड्या खेळणाऱ्यांत उठल्या होत्या. पण कितीही दामटा, तो जागचा हलत नाही. कारण क्षितिज म्हणजे वळलात की डावी-उजवीकडे सरकणारी एक पट्टी होती, पुढे जाण्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं. खरे डोंगरही खूप लांब असले की चालताना जवळ येत नाहीत, त्यामुळे डोळ्याला संशय येत नाही. या ज्वालामुखीतून दगड उडावेत म्हणून एड रॉटबर्ग या मूळ प्रोग्रामरच्या मागे ओवेन रुबिन या सहकाऱ्याने भुणभुण लावली आणि शेवटी तो कोड स्वतःच लिहून दिला.

पडदा कृष्णधवल. हिरवा आणि लाल रंग त्यावर चिकटवलेल्या रंगीत फिल्मचा. शत्रूचे रणगाडे नुसत्या कडांचे, आरपार दिसणारे. तरीही तो भास इतका पक्का होता, की अमेरिकी लष्कराने सैनिकांच्या सरावासाठी या गेमची वेगळी आवृत्ती मागवली. रॉटबर्गला ते काम अजिबात पटलं नव्हतं.

सोळा किलोबाइटमधला डायनासोर

‘झेडएक्स ८१’ हा ब्रिटिश घरगुती कॉम्प्युटर. रंग नाही, आवाज नाही आणि मूळची मेमरी फक्त १ किलोबाइट. वरून १६ किलोबाइटचा डबा जोडला, की माल्कम इव्हान्सचा ‘थ्रीडी मॉन्स्टर मेझ’ चालायचा. चित्रं काढायची वेगळी सोयही नव्हती, अक्षरांच्या जागी काळे, पांढरे, करडे चौकोन मांडून भिंती उभ्या केलेल्या. या भूलभुलैयात एक टायरॅनोसॉरस तुम्हाला शोधत फिरतो. तो लांब असताना गेम फक्त मजकुरातून सांगतो, की पावलं जवळ येतायत. मग बोळाच्या टोकाला ठिपका दिसतो. मग तो ठिपका मोठा होतो. घाबरवण्याचं अर्धं काम मजकुराने केलं आणि उरलेलं वाचणाऱ्याच्या मनाने, त्यामुळे चौकोनांना फार राबावं लागलं नाही.

संगीताच्या वायरीतून गोळीबार

१९८७ च्या ‘मिडी मेझ’मध्ये १६ जण एकमेकांवर एकाच वेळी गोळ्या झाडू शकत. त्यासाठी अटारी एसटी कॉम्प्युटर जोडायचे ते सिंथेसायझरसारखी वाद्यं जोडण्याच्या मिडी वायरींनी! खेळाडू म्हणजे हसरे रंगीबेरंगी गोळे. गोळा लांब असो वा जवळ, त्याचा आकार बदलत नाही, फक्त माप बदलतं. हात-पाय नसलेला शत्रू परवडतो, हे ‘मेझ वॉर’च्या डोळ्यानंतर पुन्हा एकदा सिद्ध झालं.

चौसष्ट हजारांऐवजी तीनशेवीस

आता मुख्य करामत. पीसीचा पडदा तेव्हा ३२० आडवे आणि २०० उभे ठिपके, म्हणजे एकूण ६४,००० पिक्सेलचा. प्रत्येक पिक्सेलमागे ‘इथे काय दिसतंय?’ असं विचारत बसलं तर ३८६ प्रोसेसरला घाम फुटला असता. कार्मॅकने वोल्फेन्स्टाइनमध्ये प्रश्नच बदलला. प्रत्येक पिक्सेलला नाही, प्रत्येक उभ्या ओळीला एकदाच विचारायचं. पडदा पूर्ण रुंदीचा धरला तर प्रश्न उरले फक्त ३२०.

हे जमलं ते जगच तसं आखल्यामुळे. वोल्फेन्स्टाइनची प्रत्येक लेव्हल म्हणजे ६४ गुणिले ६४ घरांचा चौकटीचा कागद. घर एक तर रिकामं, नाही तर भिंतीने भरलेलं. सगळ्या भिंती सारख्या उंचीच्या, सगळे कोपरे काटकोनी. जिने नाहीत, खड्डे नाहीत, उतार नाहीत. खेळाडू उडी मारू शकत नाही आणि वर-खाली बघू शकत नाही. कारण यातलं काहीही आलं असतं, तर एका उभ्या ओळीला एक प्रश्न पुरला नसता.

एक ओळ जवळून बघू. खेळाडूच्या जागेवरून त्या ओळीच्या दिशेने नकाशावर एक काल्पनिक किरण सोडायचा. तो चौकटीची रेघ ओलांडेल तिथे थांबून बघायचं: पुढचं घर भरलेलं आहे का? नसेल तर पुढची रेघ. मध्ये काही तपासायची गरजच नाही, कारण भिंत असलीच तर रेघेवरच असणार. भिंत लागली की अंतर मिळालं. समजा एक घर अंतरावरची भिंत पडद्याची पूर्ण उंची, म्हणजे २०० पिक्सेल व्यापते. मग दोन घरांवरची १००, चार घरांवरची ५०, आठ घरांवरची २५. एक भागाकार झाला की त्या ओळीत भिंतीची पट्टी किती उंच काढायची ते ठरलं. ती बरोबर मधोमध ठेवायची, वर छताचा एक सपाट रंग, खाली जमिनीचा एक सपाट रंग. झालं. मग पुढची ओळ.

अशा शेकडो पट्ट्या शेजारी शेजारी उभ्या केल्या, की बोळ तयार. ‘थ्रीडी’ म्हणून विकल्या गेलेल्या त्या जगात उंची कुठे साठवलेलीच नव्हती. ती दर वेळी अंतराला भागून मिळवली जायची.

भागाकारही आधीच करून ठेवलेला

भिंतीवरच्या विटांचं चित्र त्या पट्टीच्या उंचीनुसार ताणायचं किंवा दाबायचं असतं. दर वेळी हिशेब नको, म्हणून वोल्फेन्स्टाइन सुरू होतानाच प्रत्येक संभाव्य उंचीसाठी मशीनच्या भाषेतला एकेक छोटा प्रोग्राम स्वतःच लिहून मेमरीत ठेवायचा. ५० पिक्सेलची पट्टी हवी? ५० वाला प्रोग्राम उचला आणि चालवा. थोडक्यात, गेम स्वतःच स्वतःसाठी कोड लिहायचा.

युक्ती १५२५ सालची

किरण सोडून चित्र काढण्याची कल्पना कार्मॅकच्या कितीतरी आधीची. जर्मन चित्रकार अल्ब्रेख्त ड्यूररच्या १५२५ सालच्या भूमितीच्या पुस्तकात एक लाकडी ठशाचं चित्र आहे. भिंतीतल्या कडीतून निघालेला दोरा एका चौकटीतून आरपार जातो आणि टेबलावरच्या ल्यूट नावाच्या वाद्याला टेकतो. दोरा चौकट जिथे ओलांडतो तिथे खूण करायची. दोरा वाद्यावर दुसरीकडे टेकवायचा, दुसरी खूण. खुणा जोडल्या की वाद्याचं अचूक चित्र तयार. कडी म्हणजे डोळा, चौकट म्हणजे पडदा, दोरा म्हणजे किरण. १९६८ मध्ये आयबीएमच्या आर्थर ॲपलने ही पद्धत कॉम्प्युटरला शिकवली. कार्मॅकने तिच्यातली एक अख्खी मिती छाटली आणि ती वेगवान केली.

फुगलेल्या भिंती

स्वतः असा गेम लिहायला बसणाऱ्या जवळपास प्रत्येक नवशिक्याच्या भिंती पहिल्या दिवशी पोट सुटल्यासारख्या फुगतात. कारण साधं आहे. सरळ समोरच्या भिंतीकडे बघताना मधला किरण सगळ्यात आखूड आणि कडेचे किरण लांब. लांब म्हणजे पट्टी बुटकी. म्हणून भिंत मध्ये उंच, कडेला उतरती. उपाय एका ओळीचा: किरणाची लांबी न घेता खेळाडूच्या नजरेच्या दिशेने सरळ मोजलेलं अंतर घ्यायचं. कोसाइनने एक गुणाकार केला की भिंतीचं पोट आत.

एक भिंत उजळ, एक काळपट

वोल्फेन्स्टाइनमध्ये दिवा नाही, सावली नाही, सूर्य तर नाहीच. तरी कोपरा ठळक दिसतो. का? भिंतीचं प्रत्येक चित्र दोनदा काढलेलं आहे, एक उजळ आणि एक गडद. उत्तर-दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतींना एक, पूर्व-पश्चिमेकडच्यांना दुसरं. दोन भिंती कोपऱ्यात भेटल्या की रंग बदलतो आणि डोळा समजतो की उजेड कुठून तरी तिरका येतोय.

हट्टाची भिंत

वोल्फेन्स्टाइनच्या गुप्त खोल्या आठवत असतील. भिंतीला धक्का दिला की ती मागे सरकते आणि आत खजिना. ही टॉम हॉलची मागणी. कार्मॅकला ती नको होती, कारण त्याच्या चोख, चौकटबद्ध इंजिनात भिंत म्हणजे घर व्यापून गप्प बसलेली वस्तू. सरकणारी भिंत म्हणजे त्या शिस्तीला भोक. पण हॉलने पिच्छा सोडला नाही आणि कार्मॅकने अखेर ती घातली. पुढे कित्येक पोरांनी प्रत्येक भिंतीला अंग घासत, स्पेस बार दाबत अख्ख्या दुपारी घालवल्या त्या या हट्टामुळे.

बॉसची पाठ कुणीच पाहिली नाही

भिंती एक वेळ जमल्या, पण माणसं? ती सरळ सपाट चित्रं होती, नेहमी तुमच्याकडे तोंड करून उभी. लांबचं चित्र लहान, जवळचं मोठं. सैनिक पाठमोरा दिसावा म्हणून त्याची आठ दिशांची आठ चित्रं काढलेली, तुमच्या कोनानुसार त्यातलं एक निवडलं जातं. मेमरी वाचवायला मोठ्या बॉस मंडळींची मात्र फक्त समोरचीच चित्रं होती. त्यामुळे त्यांच्या मागून दबक्या पावलांनी जायची सोय नाही. कुठूनही जा, बॉस तुमच्याकडेच बघतोय! मेमरी वाचवायला केलेली ही सोय भीतीच्या खात्यात जमा झाली.

सुपर निन्टेन्डोवर हा गेम गेला तेव्हा कुत्र्यांचे उंदीर झाले आणि रक्ताचा घाम झाला. तिथला प्रोसेसर आणखी हळू. म्हणून कार्मॅकने किरण बाजूला ठेवून एक वेगळी युक्ती वापरली. तीच पुढे इडच्या ‘डूम’ या गेमचा पाया झाली.

हळू, पण खरा

वोल्फेन्स्टाइनच्या दोन महिने आधी, मार्च १९९२ मध्ये, ‘अल्टिमा अंडरवर्ल्ड’ आला होता. त्यात उतार होते, उडी होती, पोहणं होतं, मान वर-खाली करता यायची आणि जमिनीवर-छतावरही चित्रं होती. मग नाव वोल्फेन्स्टाइनचंच का झालं? कारण एवढं सगळं द्यायचं तर वेग कमी आणि दृश्य पडद्याच्या मधल्या एका लहानशा खिडकीत. कार्मॅकने सगळं सोडून वेग घेतला, अंडरवर्ल्डवाल्यांनी वेग सोडून सगळं घेतलं. गोळीबाराच्या खेळात पहिला सौदा जिंकला. भटकायच्या खेळात मात्र दुसऱ्याचे वंशज आजही नांदतायत.

डूममधल्या वाटण्या

१० डिसेंबर १९९३ ला डूम आला. त्यात भिंती कुठल्याही कोनात, जमिनी वर-खाली, जिने, खिडक्या, उघडं आभाळ. चौकटीचा कागद गेला, म्हणजे ‘रेघेवर थांबून बघ’ ही युक्तीही गेली. आता कोणती भिंत पुढे आणि कोणती मागे, हे दर क्षणी कसं ठरवायचं?

उत्तर म्हणजे सुपर निन्टेन्डोवर वापरलेली तीच युक्ती, आणि ती १९८० साली फुक्स, केडेम आणि नेलर यांनी लिहिलेल्या शोधनिबंधात होती. भावाभावांत शेताच्या वाटण्या होतात तशा लेव्हलच्या वाटण्या करायच्या. नकाशावर एक रेघ मारली की प्रत्येक भिंत एक तर अलीकडे, नाही तर पलीकडे. मधे आलेली भिंत कापून दोघांना. मग प्रत्येक तुकड्यात पुन्हा एक रेघ, पुन्हा दोन वाटे, तुकडे अगदी साधे होईपर्यंत. खेळाडू रेघेच्या ज्या बाजूला उभा, तिकडच्या भिंती पुढे. प्रत्येक रेघेवर एवढं एकच विचारत गेलं की जवळून लांबपर्यंतची क्रमवार यादी आपोआप मिळते. पडद्याची एखादी ओळ जवळच्या भिंतीने भरली, की मागचं काही काढायचंच नाही. आणि या वाटण्या खेळ सुरू व्हायच्या आधीच, लेव्हल बनवतानाच उरकलेल्या. खेळाडूच्या मशीनने फक्त सात-बारा वाचायचा.

भिंत उभी रंगवा, जमीन आडवी

डूममध्ये भिंती उभ्या ओळींनी रंगवल्या जातात आणि जमिनी आडव्या ओळींनी. कारण बघा किती सुटसुटीत: उभ्या भिंतीच्या एका उभ्या ओळीतला प्रत्येक ठिपका तुमच्यापासून सारख्याच खोलीवर असतो. सपाट जमिनीच्या एका आडव्या ओळीचंही तसंच. खोली बदलत नाही म्हणजे प्रत्येक पिक्सेलला महागडा भागाकार नको, ओळीला एकच पुरतो. डूममध्ये उतरती जमीन किंवा कललेली भिंत कुठेच का नाही, याचं उत्तर इथेच आहे. तिरप्या जमिनीत ही सोय मोडते.

आभाळाला भिडलेले राक्षस

डूमच्या नकाशावर एका जागी एकच जमीन आणि एकच छत. म्हणजे खोलीवर खोली नाही, खालून जाता येईल असा पूल नाही. राक्षसांची उंची तर धक्काबुक्कीच्या हिशेबात धरलेलीच नाही, ते सरळ आभाळापर्यंत उंच! म्हणून डोक्यावर उडणारा राक्षसही तुमची वाट अडवतो. कड्याच्या टोकाला तुम्ही आणि खाली पायथ्याशी राक्षस असेल, तर तो तिथूनच तुम्हाला ओरबाडतो. उलट तुमची गोळीही नेम वर-खाली आपोआप धरते, कारण तुम्हाला मान हलवता येत नाही. फसवणूक दोन्ही बाजूंनी सारखी, म्हणून कुणी तक्रार केली नाही.

मातीचे राक्षस, खेळण्यातल्या बंदुका

डूमचे काही राक्षस माती आणि लेटेक्सचे पुतळे करून बनवले. पुतळा फिरवत फिरवत व्हिडिओ कॅमेऱ्याने सगळ्या बाजूंनी टिपायचा आणि चित्रं साफ करून गेममध्ये घालायची. बंदुका खेळण्यांच्या दुकानातून आणलेल्या. भिंतीवरच्या सापाच्या कातडीसाठी चित्रकार एड्रियन कार्मॅकचे बूट कामी आले. आडनाव एकच असलं तरी तो आणि जॉन एकमेकांचे कुणी लागत नाहीत.

इथेही काटकसर आहेच. आठ दिशांसाठी बहुतेकांची पाचच चित्रं, उरलेली तीन आरशातली प्रतिमा. त्यामुळे बंदूकधारी सैनिक डावीकडून बघितला तर एका हाताचा आणि उजवीकडून बघितला तर दुसऱ्या हाताचा!

अदृश्य राक्षसाला रंगच नाही

डूममधला तो थरथरणारा, अर्धवट दिसणारा राक्षस कसा रंगवला? रंगवलाच नाही. त्याच्या आकृतीत जिथे पिक्सेल हवा, तिथे मागच्याच दृश्यातला वरचा किंवा खालचा शेजारी पिक्सेल उचलायचा, जरा काळा करायचा आणि ठेवायचा. पारदर्शकतेचं काहीही गणित न करता धुक्यासारखी आकृती हलू लागते.

मान वर केली, चित्र खाली सरकलं

१९९६ च्या ‘ड्यूक न्यूकेम थ्रीडी’मध्ये वर-खाली बघता येतं. म्हणजे काय, तर उंच चित्र काढून ते खिडकीमागे वर-खाली सरकवलं. खरोखर मान वर करून इमारत बघितली, तर तिच्या उभ्या कडा वरच्या टोकाला जवळ आल्यासारख्या दिसतात. ड्यूकमध्ये त्या ताठ उभ्याच राहतात आणि चित्र विचित्र ताणलं जातं. कडा ताठ ठेवण्यातच फायदा: उभ्या ओळीची युक्ती मोडली नाही. हे इंजिन लिहिणारा केन सिल्व्हरमन तेव्हा जेमतेम विशीतला.

७२० अंशांचं वर्तुळ

सिल्व्हरमनच्या इंजिनात दोन खोल्या नकाशावर एकाच जागी असू शकत, अट एकच: दोन्ही एकदम दिसता कामा नयेत. याचा सगळ्यात खट्याळ वापर ‘लुनॅटिक फ्रिंज’ या गुप्त लेव्हलमध्ये आहे. गोल बोळातून एक पूर्ण फेरी मारली तरी तुम्ही सुरुवातीच्या जागी पोचत नाही. दोन फेऱ्या लागतात. युक्लिडने कपाळाला हात लावला असता, पण चालणाऱ्याच्या पटकन लक्षातही येत नाही.

याच गेममधला आरसाही मजेदार. आरशामागे नकाशात मोठी रिकामी जागा सोडावी लागते, तुमची उलटी खोली काढायला. आणि पाण्यात बुडी मारलीत, की तुम्ही गुपचूप नकाशाच्या दुसऱ्याच कोपऱ्यातल्या ‘पाण्याखालच्या’ खोलीत टाकले जाता.

खरं त्रिमित आलं, तरी सवय गेली नाही

जून १९९६ मध्ये ‘क्वेक’ आला आणि इडने पहिल्यांदा सगळंच खरं केलं: खोलीवर खोली, कुठल्याही कोनातली भिंत, सगळ्या बाजूंनी घडवलेले राक्षस. पण काटकसर अंगात मुरलेली. सावल्या आधीच मोजून भिंतीवर डकवलेल्या. कुठून काय दिसू शकतं याची यादी आधीच तयार. आणि चित्र तिरप्या भिंतीवर बरोबर बसवायला लागणारा भागाकार प्रत्येक पिक्सेलला नाही, दर सोळा पिक्सेलांनी एकदा. मधले पंधरा अंदाजपंचे. डोळ्याला पत्ता नाही. पहिल्या प्लेस्टेशनने तो एक भागाकारही केला नव्हता, म्हणून तिथल्या फरशा चालताना वाकड्यातिकड्या हलताना दिसतात.

मळमळ हीच पावती

डूम खेळून कित्येकांना गरगरायचं. डोळे सांगतात ‘पळतोय’, कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा सांगते ‘खुर्चीत बसलोय’ आणि मेंदू दोघांच्या भांडणात पोट ढवळतो. सपाट पट्ट्यांनी शरीराला इतकं फसवावं, यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र कुठलं?

स्वतः पकडा

डूम कुठेही सापडला तर हे करून बघा. एखाद्या मेलेल्या राक्षसाभोवती गोल फिरा: प्रेत तुमच्याबरोबर फिरतं, कारण प्रेताचं एकच चित्र आहे. उघड्यावर जाऊन एका जागी पूर्ण गिरकी घ्या: आभाळातला तोच डोंगर चार वेळा भेटेल. आणि टॅबची कळ दाबा. पडद्यावर वरून दिसणारा रेघांचा नकाशा येतो. बाकी सगळा देखावा. गेमच्या मते जग म्हणजे तो सपाट नकाशाच.

प्रिंटरवर डूम, आणि आणखी एक फसवणूक

३८६ मध्ये अपूर्णांकांचं गणित वेगाने करणारी चिप सहसा नसायची. म्हणून डूम सगळा हिशेब पूर्णांकांत करतो: ३२ बिटांच्या आकड्याचे १६ बिट पूर्ण भागाला, १६ अपूर्णांकाला. साइनचे आकडेही आधीच मांडलेल्या कोष्टकातून उचललेले. १९९७ च्या डिसेंबरात इडने त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला केला. इतक्या कमी अपेक्षा असलेला पाहुणा कुठल्याही घरात राहतो. २०१४ मध्ये एका सुरक्षातज्ज्ञाने कॅननच्या प्रिंटरच्या इवल्याशा पडद्यावर डूम चालवला. २०२० मध्ये तर गर्भचाचणीच्या काडीवर डूम चालल्याचा व्हिडिओ जगभर फिरला. त्या काडीचा मूळ पडदा आणि मूळ चिप दोन्ही काढून नवे बसवले होते आणि करणाऱ्याने तसं सांगितलंही होतं. जुनं उरलं होतं ते फक्त वरचं प्लास्टिक. ‘नाइट ड्रायव्हर’च्या प्लास्टिकच्या गाडीपासून चालत आलेल्या घराण्यात एवढी थाप तर मारायलाच हवी.